सेंटर फायरचे पिस्तूल निवडताना: आधी काडतूस, मग पिस्तूल

२५ मीटर सेंटर फायर, म्हणजे २५ मीटरवरच्या लक्ष्यावर .२२पेक्षा मोठ्या काडतुसाच्या पिस्तुलाने नेमबाजी, हा ऑलिंपिकमध्ये नसलेला प्रकार, त्यामुळे त्याच्या पिस्तुलांवर मराठीत लिहिलेले फारसे काही सापडत नाही. भारताने मात्र या प्रकारात चांगलेच कमावले आहे. जसपाल राणाने २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुणांनी सुवर्ण घेताना विश्वविक्रमाची बरोबरी केली, २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये हरप्रीतसिंगचे सुवर्ण आणि विजयकुमारचे रौप्य याच प्रकारातले. तरीही .२२चे स्पोर्ट पिस्तूल घेताना महिनाभर चौकशी करणारा नेमबाज सेंटर फायरच्या वेळी जे मिळेल ते उचलतो आणि मग दोन वर्षे मॅगझिनशी झगडत बसतो. बाजारात आणि रेंजवर भेटणाऱ्या पिस्तुलांचा हा हिशेब त्यासाठीच.

स्पर्धा काय मागते ते आधी बघू, कारण पिस्तुलाचे निम्मे गुणदोष तिथेच ठरतात. एकूण ६० गोळ्या. पहिल्या ३० प्रिसिजनच्या: पाच-पाच गोळ्यांच्या सहा सीरिज, प्रत्येकीला पाच मिनिटे. उरलेल्या ३० ड्युएलच्या: लक्ष्य तीन सेकंद समोर, मग सात सेकंद बंद, प्रत्येक वेळी एकच गोळी, आणि मधल्या काळात हात ४५ अंशांखाली. प्रिसिजनच्या लक्ष्यात दहाचे वर्तुळ ५० मि.मी., ड्युएलच्या लक्ष्यात १०० मि.मी.

या आकड्यांतून एक गोष्ट निघते, जी विकणारे सांगत नाहीत. दोन गोळ्यांमध्ये सात सेकंद मिळतात, म्हणजे पिस्तूल उसळून किती लवकर जागेवर येते याला इथे फार मोल नाही. ते मोल स्टँडर्ड पिस्तूलच्या दहा सेकंदांच्या सीरिजमध्ये. इथे प्रश्न वेगळा आहे: खाली गेलेला हात तीन सेकंदांत वर येतो तेव्हा माशी (नळीच्या पुढच्या टोकावरची दर्शनी, म्हणजे नेम धरायची खूण) आपोआप मागच्या दर्शनीच्या खाचेत बसलेली असते का? नसेल, तर पहिला दीड सेकंद माशी शोधण्यात जातो आणि उरलेल्या दीड सेकंदात घोडा (ट्रिगर) ओढला न जाता झटकला जातो. त्यामुळे ‘कमी दणका’ या जाहिरातीपेक्षा पकडीचा कोन आणि वजनाचा तोल यांकडे दुप्पट लक्ष द्यावे.

आता काडतूस. नियमानुसार कॅलिबर ७.६२ ते ९.६५ मि.मी.च्या दरम्यान हवे, गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची हवी, जॅकेट (वरून कडक धातूचे आवरण) चढवलेली चालत नाही, जादा जोराची मॅग्नम चालत नाही. कागदावर यात बरेच पर्याय बसतात, प्रत्यक्षात जगभर एकच उरला आहे: .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, वॅडकटर. वॅडकटर म्हणजे सपाट तोंडाची गोळी. ती कागदाला पंचसारखे स्वच्छ भोक पाडते. गोळीचे वजन ९८ ते १०० ग्रेन, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम, वेग सेकंदाला २३० मीटरच्या आसपास. .२२च्या साध्या गोळीच्या तुलनेत हाताला बसणारा धक्का सुमारे पावणेदोन पट भरतो. .३८ स्पेशलची १४८ ग्रेनची वॅडकटर घेतली तर .३२च्या दीडपट.

मोठे भोक, जास्त गुण, असा युक्तिवाद करून काही जण .३८कडे वळतात. तो फोल आहे. सेंटर फायरमध्ये भोक मोजायचा गेज सगळ्यांना एकच, ९.६५ मि.मी.चा. तुम्ही .३२ वापरा नाहीतर .३८, रेषेला लागले की नाही हे त्याच गेजने ठरते. म्हणजे .३८ घेऊन पदरात फक्त जास्तीचा धक्का पडतो. ९ मि.मी.चा विचार तर आपल्याकडे करूच नये: एक तर ते प्रतिबंधित बोअर (सामान्य परवान्यावर न मिळणारे), आणि वर त्याच्या बहुतेक काडतुसांना जॅकेट.

‘.३२’ एवढेच शब्द ऐकून कोणतेही काडतूस आणू नका. आपल्याकडे .३२ म्हटले की तीन वेगळ्या गोष्टी पुढ्यात येऊ शकतात. पहिले .३२ एसीपी, जे अशनीसारख्या स्वसंरक्षणाच्या पिस्तुलात जाते. त्याची कवचनळी आखूड, लक्ष्य-पिस्तुलाला ते निरुपयोगी. दुसरे गोल नाकाचे .३२ लाँग, कानपूरच्या रिव्हॉल्व्हरसाठीचे. काडतुसाचे नाव तेच, पण गोळीचे नाक कवचाबाहेर आलेले असते. वॅडकटर पिस्तुलाचे मॅगझिन कवचाच्या लांबीइतकेच, म्हणजे साधारण साडेतेवीस मि.मी.चे काडतूस गृहीत धरून केलेले असते, आणि गोल नाकाचे काडतूस त्यात मावतच नाही. तिसरी खरी वॅडकटर, जिच्या गोळीचे तोंड कवचाच्या काठाशी सपाट असते. परवान्यावर आणि खरेदीच्या अर्जावर ‘.३२ एस अँड डब्ल्यू लाँग’ असे पूर्ण नाव लिहून घ्या. नुसते ‘.३२ पिस्तूल’ लिहिलेला परवाना दुकानदारापासून विमानतळापर्यंत प्रत्येक टेबलावर नवा प्रश्न उभा करतो.

लापुआ, फिओकी, गेको, सेलिये अँड बेलो या कंपन्यांची वॅडकटर काडतुसे सगळीकडे नावाजलेली आहेत. सगळ्यात लापुआ एकसारखी, असे बहुतेक जण म्हणतात आणि ते खरे आहे. पण पिस्तूल लापुआवर सेट करून सरावाला दुसरेच काडतूस वापरायचे, हा महागडा वेडेपणा. वर्षभर खात्रीने मिळेल ते काडतूस आधी ठरवा, दोन हजारांचा साठा कुठून होणार ते विचारा, आणि त्या काडतुसावर जे पिस्तूल अडखळत नाही तेच घ्या. पिस्तूल एकदा येते, काडतुसे दर मोसमात आणावी लागतात.

आता पिस्तुले.

पार्दिनी एचपी. आज नवे घ्यायचे असेल तर यादी इथून सुरू होते, आणि बऱ्याच जणांची इथेच संपते. इटलीची ही कंपनी .२२ मध्ये एसपी बनवते, एचपी हे तिचे .३२मधले भावंड. दोघांची पकड, घोड्याची जागा आणि तोल इतके सारखे की .२२वर केलेला सराव .३२ मध्ये उतरतो. नळी हातावर खूप खाली बसते, त्यामुळे धक्का वर न उसळता बराचसा सरळ मागे येतो. ट्रिगर टप्प्याटप्प्याने बदलता येतो, पहिल्या टप्प्याचे (घोड्याची सुरुवातीची, गोळी न सुटणारी ओढ) वजन, दुसऱ्याचे (गोळी सोडणारी ओढ) वजन, घोड्याचा मागचा थांबा, सगळे वेगवेगळे. दोष दोन. एक, स्क्रू बरेच आणि ते सैल होतात. पकडीचा मुख्य स्क्रू आणि मागच्या दर्शनीचे स्क्रू दर दोनशे-तीनशे गोळ्यांनी तपासावे लागतात. दोन, बोल्टमागचा (बोल्ट म्हणजे गोळी सुटताच मागे जाऊन नवे काडतूस भरणारा भाग) धक्का झेलणारा बफर झिजतो. तो झिजला की बोल्ट मागे आपटल्याचा धातूचा आवाज येऊ लागतो. आवाज आल्यावर बफर बदलायचा नसतो, आधी बदलायचा असतो, म्हणून पिस्तुलाबरोबरच बफरचा एक संच, फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर (रिकामे कवच बाहेर ओढणारे नख) आणि त्याची स्प्रिंग मागवून ठेवा. नंतर एकटी स्प्रिंग परदेशातून मागवायची म्हणजे स्प्रिंगपेक्षा कागदपत्रे जड.

वॉल्थर जीएसपी. १९६८ सालची घडण, आणि अजून रेंजवर ठणठणीत. .३२ मधल्या जुन्या नमुन्याला जीएसपी-सी म्हणत. याचे मोठे बळ म्हणजे एकाच खालच्या भागावर .२२ आणि .३२चे वरचे भाग बदलून बसतात, आणि ट्रिगर एका वेगळ्या पेटीत असतो, जी पूर्ण काढता येते. इथे एक सापळा आहे. पूर्वी सेंटर फायरला ट्रिगरचे किमान वजन १३६० ग्रॅम होते, आता १००० ग्रॅम. जुन्या जीएसपी-सी बरोबर बऱ्याचदा १३६०ची पेटी येते. ती बेकायदा नाही, पण तुम्ही प्रतिस्पर्ध्यापेक्षा एकतृतीयांशाहून जड घोडा ओढत बसाल. १०००ची पेटी सोबत आहे का, हे किमतीवर बोलण्याआधी विचारा. .३२ मधल्या जीएसपीचे वजन सुमारे १२८० ग्रॅम भरते आणि नियमाची मर्यादा रिकाम्या मॅगझिनसकट १४०० ग्रॅम, म्हणजे नळीखाली जास्तीची वजने लावायला फारशी जागा उरत नाही. पिस्तूल पुढून जड आहे. प्रिसिजनमध्ये ते आवडते, ड्युएलच्या सहाव्या सीरिजला खांदा तक्रार करतो. दंड बारीक असलेल्या तरुण नेमबाजाने हे विकत घेण्याआधी तीस वेळा ४५ अंशांवरून उचलून बघावे, एकदा नव्हे.

हॅमर्ली एसपी २०. घोडा अप्रतिम, बोल्टमागचा धक्का शोषणारा भाग हुशारीने केलेला. पण हे मॉडेल आता बनत नाही आणि सुट्या भागांचा शोध म्हणजे भंगारबाजारात हिरा शोधणे. ज्याच्याकडे आधीपासून आहे त्याने विकू नये, ज्याच्याकडे नाही त्याने आता घेऊ नये. हॅमर्ली २८०चेही तेच.

बेनेली एमपी ९० एस .३२ मध्येही निघाले. साधे, कमी भागांचे, खोलायला सोपे. पकड मात्र कारखान्यातून येते तशी फार कमी हातांना बसते, लाकूड कोरणारा माणूस गाठीशी असेल तर विचार करा. स्मिथ अँड वेसन मॉडेल ५२ हे .३८ वॅडकटरचे अमेरिकी पिस्तूल, मॅगझिन मुठीत, पाच गोळ्यांचे. देखणे आहे, संग्रहाला उत्तम. आणि मानुर्हिन एमआर ३२ सारखी रिव्हॉल्व्हर? सात सेकंदांत अंगठ्याने मागचा हॅमर चढवायला वेळ पुरतो, काडतूस अडकण्याचा प्रश्नच नाही. पण सहा चेंबर (काडतूस बसते ती जागा) म्हणजे सहा वेगवेगळी तोंडे, आणि त्यातले एखादे हटकून बाकीच्यांपेक्षा बाजूला मारते. ते चेंबर शोधून, खूण करून, ते सोडून उरलेली पाच भरायची तयारी असेल तर रिव्हॉल्व्हर आजही वाईट नाही.

फाइनवर्कबाऊ एडब्ल्यू ९३ किंवा वॉल्थर एसएसपी .३२ मध्ये मिळतील का, असे विचारणारे नेहमी भेटतात. ती .२२ची पिस्तुले आहेत.

ट्रिगरबद्दल थोडे सविस्तर, कारण स्पर्धेच्या सकाळी सर्वाधिक लोक इथेच अडतात. तपासणीत नळी उभी धरून घोड्याला १००० ग्रॅमचे वजन अडकवतात आणि ते टेबलावरून उचलले गेले पाहिजे. घरच्या काट्यावर अगदी १००० वर लावलेला घोडा तिथे पडतो. तेल पातळ झालेले असते, सिअर (घोडा ओढेपर्यंत पिस्तूल अडवून धरणारी खाच) नुकताच पुसलेला असतो, काटाच थोडा वेगळा असतो. १०३० ते १०५० वर ठेवा. तीस-पन्नास ग्रॅमचा फरक बोटाला कळत नाही, पण पिस्तूल परत घेऊन रांगेत शेवटी उभे राहणे नक्की कळते. वजनाची वाटणी कशी करायची यावर मते वेगळी. आमचे मत: पहिल्या टप्प्यात ७५० ते ८००, दुसऱ्यात उरलेले. ड्युएलमध्ये हात वर येत असतानाच पहिला टप्पा घेऊन ठेवायचा, मग माशी स्थिरावली की अडीचशे ग्रॅमच ओढायचे उरतात. प्रिसिजनमध्ये दुसरा टप्पा जड ठेवणाऱ्यांना हे फार हलके वाटेल, पण एकाच स्पर्धेत प्रिसिजन आणि ड्युएलसाठी दोन सेटिंग ठेवण्यात काही राम नाही. सिअरच्या गुंतणीचा स्क्रू मात्र स्वतः फिरवू नका. गुंतण फार कमी झाली की बोल्ट पुढे आदळताच दुसरी गोळी आपोआप सुटते. हे काम आर्मररचे, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्याचे.

पकड. पिस्तूल ३०० × १५० × ५० मि.मी.च्या पेटीत बसले पाहिजे. लांबी-उंचीत सहसा कोणी चुकत नाही, ५० मि.मी.च्या रुंदीत चुकतात. अंगठ्याचा टेका आणि तळव्याखालचा कठडा पुटीन लावून जाड केला की पेटी बंद होत नाही. शिवाय २५ मीटरच्या पिस्तुलात तळव्याचा टेका वर वळलेला चालत नाही, पकडीशी त्याचा कोन ९० अंशांपेक्षा कमी नको. ५० मीटर फ्री पिस्तूलची पकड डोळ्यांसमोर ठेवून कोरून घेतलेल्या पकडी इथे हमखास बाद होतात. नळी १५३ मि.मी.पर्यंत, दोन दर्शनींमधले अंतर २२० मि.मी.पर्यंत. कारखान्याचे पिस्तूल यात बसतेच, लोक त्यात जोडतात तेव्हा बिघडते.

पकड जोखायची रीत साधी. रिकामे, तपासलेले पिस्तूल हातात घ्या, डोळे मिटा, हात ४५ अंशांवरून वर आणा, डोळे उघडा. माशी खाचेच्या डावीकडे असेल तर पकडीतल्या तळव्याच्या बाजूला बदल हवा, वर-खाली असेल तर कोनात. दहापैकी आठ वेळा माशी खाचेत दिसेपर्यंत दर्शनीचे स्क्रू अजिबात फिरवू नका. बरेच जण मनगट वळवून ही चूक झाकतात. मग धक्का बसताच मनगट मूळ जागी जायला बघते आणि दर गोळीगणिक पकड कणभर सरकते. पाचवी गोळी डावीकडे खाली का जाते, याचे उत्तर बहुधा इथे असते.

अडथळ्यांचे गणित वेगळेच. नियमानुसार मान्य होणारा बिघाड ३० गोळ्यांच्या एका टप्प्यात एकदाच मागता येतो. आणि मागायचा असेल तर पिस्तूल उघडायचे नाही, मॅगझिन काढायचे नाही, नळी लक्ष्याकडेच ठेवून मोकळा हात वर करायचा. सवयीने मॅगझिन ओढले की बिघाड तुमच्या माथी.

.३२ वॅडकटरला तीन आजार. पहिला: काडतुसाला तळाशी कडा असते, आणि मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे हवी. मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट अर्ध्यात थांबतो. भरताना प्रत्येक काडतूस मागे टेकवून, मग मॅगझिनची पाठ तळहातावर हलकेच आपटून बघा. दुसरा: गोळीवरचे मेण आणि काजळी चेंबरच्या तोंडाशी कडी करतात. सत्तर-ऐंशी गोळ्यांनंतर बोल्ट केसभर उघडा राहतो, पिन पडते पण काडतूस वाजत नाही. लोक काडतुसाला शिव्या देतात, दोष चेंबरचा असतो. तिसरा: रिकामे कवच अर्धवट बाहेर येऊन खिडकीत उभे राहणे. हलके काडतूस आणि कडक स्प्रिंग एकत्र आले, की बोल्ट पुरेसा मागे जात नाही. एक्स्ट्रॅक्टर झिजला असला तरी हेच होते. फरक ओळखायला कवचाची कडा भिंगाखाली बघा: नखाने ओरबाडल्यासारखी खूण दिसली तर एक्स्ट्रॅक्टर, काहीच नसेल तर स्प्रिंग.

सेकंडहँड घेताना मालकाने किती गोळ्या झाडल्या हे विचारण्यात अर्थ नाही, सगळे ‘फार नाही’ म्हणतात. नळीच्या सुरुवातीशी, म्हणजे चेंबर संपतो तिथे, प्रकाश टाकून बघा. करडे, खरबरीत अस्तर दिसले तर शिसे साचलेले आहे. ते पितळी ब्रशने निघाले तर ठीक. खाली खड्डे दिसले तर नमस्कार करून निघा. बोल्टचे तोंड बघा: पिनच्या भोकाभोवती कड उमटली असेल, तर रिकाम्या चेंबरवर पिन भरपूर आपटली गेली आहे. मॅगझिनचे ओठ दोन्ही बाजूंनी सारखे आहेत का ते बघा, आणि किमान तीन मॅगझिन मिळत नसतील तर भाव पाडा. मग टेबलावर टेकवून पाच-पाच गोळ्यांचे पाच गट २५ मीटरवर मारा, तुमच्या काडतुसाने, विकणाऱ्याच्या नव्हे. गट ३० मि.मी.च्या आत राहिले तर दहाच्या वर्तुळाला ते पुरेसे आहे. त्याहून बारीक गटासाठी पैसे मोजू नका, तो फरक हाताच्या थरथरीत विरघळतो.

कागदपत्रांपुरते: खासगी विक्रीत शस्त्र कायद्यानुसार जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी सूचना देऊन ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात, तेव्हा राज्य स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी सौदा करून उपयोग नाही. सामान्य परवानाधारकाला २०१९च्या दुरुस्तीनंतर दोनच शस्त्रे ठेवता येतात. नेमबाजांना सवलत आहे, पण ती कामगिरीच्या दर्जाप्रमाणे मिळते. दोनच जागा असतील आणि एक .२२ने भरली असेल, तर दुसरीत एसपी २० सारखे भाग न मिळणारे पिस्तूल अडकवणे परवडत नाही.

एवढे सगळे बघून बोट ठेवायचे तर: .२२ साठी पार्दिनी वापरणाऱ्याने डोळे झाकून एचपी घ्यावे. जीएसपीवर वाढलेल्याने .३२चा वरचा भाग आणि १००० ग्रॅमची पेटी शोधावी, नवे पिस्तूल घेऊ नये. दोन्ही नसेल आणि खिसा आखडता असेल तर चांगल्या अवस्थेतली जुनी जीएसपी, पण भागांची पिशवी सोबत असेल तरच.

घरी आणल्यावर पहिल्या शंभर गोळ्यांनंतर नळीतून चेंबरच्या बाजूने ब्रश फिरवा, एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली टूथपिक घालून मेण काढा, आणि रेंजवरून निघताना चहाच्या कपाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. शिसे बोटांवरूनच पोटात जाते.